चालताबोलता पुरावा

खाली खाटकाचं दुकान, वर त्याचा थोरला भाऊ. दोघांत बोलणं नव्हतं, भांडण तेवढं नियमित होतं. पक्का शाकाहारी थोरला ऐंशीतही धाडधाड जिना उतरायचा आणि गिऱ्हाइकांसमोर उभा राहून सांगायचा, "मांस खाल तर हृदय बंद पडून मराल. माझ्याकडे बघा. ना बीपी, ना शुगर." निम्मी रांग पिशवीची घडी करून घरी जायची.

धाकट्याने बरेच दिवस दातओठ खाल्ले. मग एका सकाळी सुरीला धार लावता लावता तो गिऱ्हाइकांना म्हणाला, "दादाचं मनावर घेऊ नका. सगळी कलेजी आपल्यालाच मिळावी म्हणून बोलतो तो. रोज अर्धा किलो वर नेतो. तब्येत बघताय ना?"

"खोटारड्या, पालेभाजीवर जगतोय मी," थोरला असा गरजला की रस्त्यापलीकडची माणसंही रांगेत येऊन उभी राहिली. कलेजी तासाभरात संपली.



पुढच्या रविवारी थोरला काठी टेकत, खोकत खोकत जिना उतरला आणि रांगेसमोर कण्हत म्हणाला, "खरं आहे त्याचं. कलेजीच खायचो मी. बघा, काय दशा झाली."