उरलेली वाफ

घरात वाफेचं मशीन चालू होतं, आणि ज्याच्यासाठी ते आणलं होतं तो टिकाराम उंबऱ्याबाहेर उभा होता.

दुपारचे दोन वाजले होते. गोंदियाच्या डॉक्टरकडून तो संध्याकाळपर्यंत परतणार नव्हता. पण आधीची गाडी मिळाली, आमगावला उतरला आणि लवकर घरी पोचला. गाडीत सारा वेळ त्याचं डोकं तापलेलं होतं. थुंकीत जंतू पहिल्याइतकेच आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते.

"दवाई पूरी लेते हो ना, काका? अर्धवट घेतली तर जंतू तिला सरावतात. मग या दवाईचा उपयोग संपला. पुढे नाकात ऑक्सिजनची नळी."

टिकारामनं शपथ घेऊन सांगितलं. सकाळ-संध्याकाळ, एक पाळी चुकली नव्हती. म्हणजे औषधाच्या दुकानदारानंच नकली माल दिला, असं त्यानं गाडीत ठरवून टाकलं होतं.

त्याची फुप्फुसं जुन्या टीबीनं खराब केली होती. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं वाफेतून ओढायचं अँटिबायोटिक लिहून दिलं. तिथं सगळ्या प्रश्नांची उत्तरं टिकारामनंच दिली. बायको सुमित्राबाई बाजूला पिशवी धरून बसली होती. घरी औषध मात्र तीच ओतायची, कारण कुपी फोडताना त्याचा हात थरथरे. तो मास्क लावून डोळे मिटून बसे. अठ्ठावीस दिवस औषध, मग तितकेच दिवस सुट्टी. पहिल्या खेपेला चुलीवरचा भात शिजेपर्यंत मशीन चाले. या खेपेला भाताला उकळी येते न येते तोच सुमित्रा बटण बंद करी. "झालं जी," म्हणे. टिकाराम खूश. "आता फुप्फुस पटपट ओढून राहिलं," असं तो गावभर सांगत सुटला होता. आपल्या मूर्खपणाची एवढी जाहिरात दुसऱ्या कोणी केली नसेल.

त्यानं दार ढकललं. सुमित्रा चुलीपाशी पाटावर बसली होती. तोंडावर त्याचा मास्क होता. मशीनच्या कपात सकाळचं उरलेलं औषध होतं.

जिच्या हातचं तीस वर्षं डोळे मिटून खाल्लं, तिनंच घात केला होता. दुकानदार असता तर त्याची गचांडी तरी धरता आली असती. घरच्या माणसाचं काय धरायचं? त्याला फार लागलं.

"माझी दवाई चोरून राहिली तू? मले मारून राहिली?"

सुमित्रानं बटण बंद केलं. मास्क पुसून जागेवर ठेवला. ती घाबरली नाही, याचा त्याला जास्तच राग आला.

"चोरली नाही, उरवली. तुमी चांगले दिसून राहिले होते. वाटलं, अर्ध्यात भागते." तिनं मशीनची नळी गुंडाळली. "तुमच्या ताटातलं उरलेलं तीस वर्षं खाऊन राहिली. तवा कोनी चोरी म्हटलं नाही."

ते खरं होतं. लग्नापासून तो एक घास ठेवून उठे आणि ती त्याच ताटात वाढून घेई. त्या घराची रीतच होती ती.

"पन तुले कायले पाहिजे दवाई?"

उत्तराआधी तिला खोकला आला. सवयीनं ती मागच्या दाराकडे वळली. मग थांबली आणि त्याच्यासमोरच पदरात खोकली. बराच वेळ खोकली. पदरावर पडलं ते हिरवं होतं, त्याचं पडायचं तसंच.

टिकारामनं तो पदर हातात धरून पाहिला.

"कवापासून हाय हे? सांगायचं नाही काय?"

"नागपूरले डॉक्टरनं विचारलं होतं, घरात अजून कोनाले खोकला हाय काय," सुमित्रा म्हणाली. "मी तोंड उघडतच होती. तुमी म्हटलं, कोनालेच नाही जी."