जोडमूळ

गणिताचे प्राध्यापक पोहे खाऊन, माझा नंबर घेऊन गेले, त्याला आठवडा झाला. फोन नाही. आई म्हणाली, "नकारच समज." पोहे दोनदा मागून घेतले होते त्यांनी, याचाच मला जास्त राग.

तेवढ्यात फोन वाजला. आवाज म्हाताऱ्याचा, करडा.

"साताऱ्याहून रिटायर सुभेदार जगदाळे बोलतोय. पोरी, तुला कुणी गणितवाला बघून गेला का?"

"गेला. का?"

"रोज संध्याकाळी मला फोन करतोय. म्हणतो, तुझा नंबर मूळ संख्या आहे. एक आणि तो स्वतः सोडला तर कशानंच भाग जात नाही. माझा दोननं मोठा, तोही तसलाच. एवढ्या मोठ्या आकड्यांत अशी जोडी क्वचित सापडते म्हणं."

"मग मला का नाही केला फोन?"

"तुझ्याशी बोलायला धीर होत नाही त्याला. माझ्याशी बोलतो. आधी गणित बोलायचा, आता नुसतं तुझं कौतुक."

मला हसू आवरेना. "काका, माझा नंबर त्यांनी दिला?"

"छे! दोन वजा करायला प्राध्यापक कशाला लागतो? आता हो म्हणून टाक बाई. माझं रोजचं जेवण गार होतंय."