तहकूब

"लिहा भाऊसाहेब, तहकूब," म्हणत सरपंच उठले आणि त्यांचा गट मागोमाग बाहेर पडला. विरोधी गट आधीच गेला होता. एरवी एकमेकांच्या मयतीलाही न जाणारी ही माणसं वस्तीच्या नळाचा विषय निघाला, की बरोबर एकदिलानं उठतात.

सतरंजीवर वस्तीतल्या छबूताई उरल्या, शेजारी त्यांची रिकामी घागर. आणि मी, ग्रामसेवक. वर्षात चौथ्यांदा तेच वाक्य लिहिलं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब.

"सभेला शंभर माणसं लागतात म्हणता," त्या म्हणाल्या. "पोराबाळांसकट आमची वस्ती साठाची. मग आम्ही यायचंच नाही का?"

उत्तर मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तहकूब सभा पुन्हा भरवली, की तिला गणपूर्ती लागत नाही. पण ती भरवली असती, तर दोन्ही गटांनी मिळून माझी बदली केली असती. मुलगी दहावीला. म्हणून मी कधी पुढची तारीखच टाकली नाही.

त्यांनी घागर कमरेवर घेतली. "येते पुढच्या सभेला."

त्या खरंच येणार होत्या. पाचव्यांदाही. मी वाक्यापुढे तारीख घातली आणि शिक्का मारला.

"ताई, शुक्रवारी दहा वाजता या. सातजणी आलात तरी ठराव होतो. नियम आहे."

त्या दारातच थांबल्या. "हा नियम आज आला?"

"नाही."

त्यांनी घागर खाली ठेवली. "मग शुक्रवारी आधी तेवढं सगळ्यांना सांगा. नळाचं त्यानंतर बोलू."