बॉनेटची ऊब

तिने भावाच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला तळहात उचलला नाही. भाऊ खिशात हात घालून भिंतीकडे पाहत राहिला. पायरीवर मटार सोलत बसलेल्या आईची बोटंही थांबली.

पत्रा उबदार होता. तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

"आठवडाभर हलली नाही म्हणालास."

"नाहीच हलली. उन्हाने तापली असेल."

"दादा, ऊन अजून फाटकाच्या आत आलेलं नाही."

त्यांचे वडील होते तोवर लोकांच्या गाड्या दुरुस्त करत राहिले आणि जेवतानाही तेच बोलत. जुनी टर्बोची गाडी घ्यायची तर आधी बॉनेटला हात लावा, ते म्हणत. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, झिजला की त्यातून रात्रभर तेल पाझरतं आणि थंड इंजिनाच्या पहिल्या धुरात निळं उमटतं. आधीच तापवली तर तो धूर दिसत नाही; तापवून ठेवलेल्या गाडीला लाज नसते. हे ऐकत या घरातल्या प्रत्येकाने ताट रिकामं केलं होतं.

ती वाकली. गाडीच्या मागच्या धुराड्याची कड कोणीतरी घासूनपुसून लख्ख केली होती. तिने बोट आत घातलं. चिकट, काळं, जळक्या तेलाचा वास. तिला शिसारी आली. आजारी नवऱ्याला दिवसाआड घाट ओलांडून डायलिसिसला न्यायचं होतं. चढावर टर्बोने दगा दिला तर गाडीचा दमच संपतो, आणि त्या वळणांवर फोनही लागत नाही. म्हणून तर आई फोनवर म्हणाली होती, "बाहेरचे लोक फसवतात गं. घरचीच गाडी घे."

"मला पाहुण्यासारखं घ्यायला आलास स्टँडवर," ती भावाला म्हणाली. "आणि येण्याआधी हे उद्योग करून आलास. थू तुझ्यावर."

"शपथ घेतो, मी हात लावलेला नाही!" त्याचा आवाज चिरकला. "तुझी बस उशिरा आली. सकाळपासून मी स्टँडवर उभा होतो. मघाशी चालत आलो आपण दोघं. मग केव्हा तापवली मी? स्वप्नात?"

ते मात्र खरं होतं. खोटेपणाच्या त्या सगळ्या बुळबुळीत पृष्ठभागावर तेवढाच एक खडा बोटाला लागला.

तिने गाडीचं दार उघडलं. आतून लिंबाच्या अत्तराचा भपकारा आला, फुलं सडलेल्या फुलदाणीसारखा गोड. श्वास रोखून ती चालकाच्या जागेवर बसू लागली आणि तिचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट अगदी पुढे ओढलेली होती. भाऊ तिच्याहून वीतभर उंच.

ती तशीच अवघडून बसून राहिली. क्लच दाबल्याशिवाय ही गाडी सुरू होत नसे. इतकं पुढे सरकल्याशिवाय क्लचपर्यंत पाय पोचणार नाही, असं या घरात एकच माणूस होतं. वडिलांनी आईला गाडी चालवायला कधी शिकवलं नाही. सुरू करायला तेवढं शिकवलं. बॉनेटखाली डोकं घालून ते ओरडायचे, "दे गं!" आणि ती क्लच दाबून किल्ली फिरवायची. आल्या आल्या याच बाईने लेकीचा चेहरा ओंजळीत धरला होता. किती वाळलीस गं, म्हणाली होती.

ती बाहेर आली. काळं बोट तिने कशालाच पुसलं नाही.

"आई," ती म्हणाली, "सीट मागे घ्यायची राहिली तुझी."

आईने मांडीवरची सालं झटकली, मटारची वाटी उचलली आणि मान वर न करता आत निघून गेली.