तेलकट भिंत

पुट्टीच्या पत्र्याने वामनराव भिंत खरवडत होते आणि रंगाचे पोपडे त्यांच्या पायजम्यावर पडत होते. मागे आशाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. गुरुवारी संग्रामपूरचे पाहुणे त्यांच्या लेकीला, करिष्माला, बघायला येणार होते, आणि बैठकीत शिरताच पहिली दिसायची ती हीच भिंत.

बाकी तीन भिंती गुणाच्या. या एकीवरच, टीव्हीच्या समोर, ताटाएवढा तेलकट डाग पडायचा आणि रंग सुटायचा. दर दिवाळीला वामनराव तो खरवडत, सोड्याच्या पाण्याने धूत, वाळला की पुट्टी भरून रंग देत. होळीपर्यंत पुन्हा जैसे थे.

दोष कुणाचा, हे आशाबाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. जेवण झालं की भिंतीला डोकं टेकून बसायची सवय वामनरावांची. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला असे, पण तेल काय दुपट्ट्याचं ऐकतं, असा आशाबाईंचा सवाल. गेल्या दिवाळीत त्यांनी नवऱ्याला तिथून उठवून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. त्यांची पाठ दुखू लागली, तरी बाई बधल्या नाहीत. पुन्हा रंग निघाला तर खुर्ची ओसरीवर, अशी तंबीही देऊन ठेवली होती. आणि यंदा रंग निघालाच.

आपण मोताळ्याच्या बाजाराला गेलो की हे चोरून टेकतात, असं त्यांचं म्हणणं. वामनराव हो म्हणेनात, नाही म्हणेनात. हातातला पत्रा ठेवून त्यांनी मुकाट्याने खुर्ची उचलली आणि ओसरीवर नेऊन ठेवली. आता मात्र आशाबाईंना चैन पडेना. भांडायला सापडलेला माणूस न भांडताच निघून चालला होता.

"बसा बरं तिथं," त्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "कुठी टेकते तुमचं डोस्कं, पाहू द्या मले."

जाऊ दे, अजून पुट्टी भरायची आहे, वाळायला वेळ लागेल, असं म्हणून वामनराव टाळू लागले. पण बाईंनी हात धरून बसवलंच. माणूस उंच. डोकं टेकलं ते डागाच्या चांगलं वीतभर वर.

आशाबाई बघतच राहिल्या. दुपारची भांडी उरकली आणि घरात कुणी नसलं की त्या रोज तिथं बसत. टीव्ही चालू, डोळे मिटलेले, पंधरा मिनिटं. अंबाडा सकाळीच तेल चोपडून घातलेला.

नवऱ्याला बाजूला सरकवून त्या स्वतः तिथं बसल्या. अंबाडा नेमका खरवडलेल्या जागेवर टेकला. केसांना लागलेला भुगा वामनरावांनी हलक्या हाताने झटकला.

"तुमाले ठाऊक होतं?"

"हाव. पयल्या वर्सापासून."

"मंग काऊन नाई बोलले?"

वामनरावांनी पत्रा पुन्हा हातात घेतला.

"बोललो असतो तं तू तिथं बसनं सोडलं असतं. दिवसभरात तुयी पाठ टेकते थे तेवढीच एक जागा हाये या घरात."