दुसऱ्या स्वराचा स्क्रू

कार्यक्रमाला जेमतेम तास उरला होता आणि त्याच्या सिंथेसायझरचे सूर निर्माण करणारे दोन ऑसिलेटर काही केल्या एका सुरात येत नव्हते. दोन्ही एकत्र वाजले की आवाजात लाटा उठत.

"दादा, आज नाक कापणार आहेस तू आपलं," बहीण दारातून म्हणाली.

"तू आधी दार लाव, बाई."

ती गेली. त्याने हताश होऊन स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि तो डोळे मिटून दोन्ही सूर नुसते ऐकत राहिला. लाटा मंदावत चालल्या होत्या; सूर जुळत येत होते.

त्याने डोळे उघडले. दुसऱ्या ऑसिलेटरचा सूर लावायचा इवलासा स्क्रू आपणहून फिरत होता.

घाबरायला हवे होते. पण त्याच्या छातीवरचे ओझेच उतरले.

"जरा पुढे गेलं," तो हळूच म्हणाला.

स्क्रू थबकला आणि केसभर मागे आला.