मैना हातावर येत नाही

झाकण उचललं तशी मैना मागं रेलली. पुढचे पाय वर, खाली दोन काळे दात उघडे. गिरिधरनं झाकण परत ठेवलं.

"घेतली का हातावर?" स्वयंपाकघरातून ताराचा आवाज आला.

"थांब जरा. आत्ता तिचा मूड न्हाई."

"मूड! आमदारीणबाई हाय का ती? तीन आठवडे ऐकून राह्यले. आज तरी घ्या. पोरीचा वाढदिवस हाय."

गंधाली असती तर आज चोवीस वर्षांची झाली असती. पुण्यात शिकताना तिनं एक टॅरँटुला घेतली होती. तळहाताएवढी काळी कोळीण, गुडघ्यांवर शेंदरी पट्टे. नाव मैना. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत डबा मांडीवर धरून ती जालन्याला आली आणि आठ दिवसांत डेंग्यूनं गेली. मस्तगड भागातल्या त्या घरात तिचं म्हणावं असं जिवंत एवढंच उरलं. मादी वीस-पंचवीस वर्षं जगते, असं ती सांगायची. आपल्यामागंही मैना राहील, एवढाच आधार गिरिधरला होता.

डब्यावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी अजून होती. फुंकर मारू नये. पाय वर केले तर हात मागे घ्यावा. पोटावरचे केस डोळ्यांत जाऊ देऊ नयेत. हातावर घ्यायची तर खाली बसून. उभ्याने घेतली आणि पडली तर पोट फुटतं.

गिरिधरला कोळ्यांची शिसारी होती. तरी पोर गेल्यापासून मैनेला झुरळ घातल्याशिवाय तो ताटावर बसत नसे. गंधालीच्या हातावर पेंगणारी मैना त्या दिवसांत फार बिथरली होती. डबा हलला की अंग उचलायची, मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवायची. "पोरीला शोधून राह्यली," असं तो एकदा म्हणाला, तर तारा पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

पाच महिन्यांनी मैना निवळली. मग रोज संध्याकाळी गिरिधर फरशीवर बसून तिला तळहातावर घेऊ लागला. तारानं तिला कधी हात लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. ती दाराशी उभी राहायची, आणि तेवढी दहा मिनिटं तिचा चेहरा सैल पडायचा. त्या दहा मिनिटांसाठी गिरिधरनं शिसारी गिळली होती.

तीन आठवड्यांपूर्वी तारा टेंभुर्णीला बहिणीकडे, वंदनाकडे गेली होती. सकाळी गिरिधरनं पाहिलं तर मैना उताणी. पेन्सिलीनं डिवचलं, हलली नाही. बियाणं जिवंत की मेलेलं, हे तीस वर्षं लॅबमध्ये तपासलेला माणूस तो. त्यानं तिला रुमालात गुंडाळून जास्वंदीच्या कुंडीत पुरलं.

दुसऱ्या दिवशी गंधालीच्या वहीत सापडलेल्या नंबरावर त्यानं फोन लावला. संभाजीनगरचा एक माणूस असे कोळी विकायचा. त्यानं विचारलं, "पाय पोटाशी गोळा झाल्ते, का उताणी होती?"

"उताणी."

"काका, मेलेली बहुतेक पाय गोळा करते. उताणी पडून त्या कात टाकतात."

गिरिधरनं दोन्ही हातांनी कुंडी उकरली. उशीर झाला होता.

"तसलीच दुसरी पाठवा," त्यानं सांगितलं. "पत्ता लिहून घ्या. मस्तगडला..."

"पत्ता हाय माझ्याकडे."

गंधालीनं कधी दिला असेल, असं त्याला वाटलं. तारा परत येण्याआधी बसच्या पार्सलनं नवी मैना आली. दिसायला हुबेहूब. फक्त हात कसा असतो हे तिला माहीत नव्हतं.

आज तारा पदराला हात पुसत बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली.

गिरिधर फरशीवर बसला. झाकण काढलं. मैनेनं पाय वर केले. त्यानं हात मागं घेतला नाही. ती वळली, मागच्या पायांनी पोट खरडलं, बारीक केस त्याच्या मनगटावर बसले. त्यानं हात आणखी पुढं सरकवला. मैना पुन्हा वळली, दात उघडून उभी राहिली.

तारानं धावत येऊन त्याचा हात बाहेर ओढला आणि झाकण दाबलं. "वेडे झाले का तुम्ही? डोळ्याला हात लावू नका बिलकुल!"

कपाटातून तिनं चिकटपट्टी आणली. एकेक तुकडा मनगटावर दाबून उचलू लागली. पट्टीवर केस निघून येत होते.

"हे तर चिठ्ठीत न्हाई," गिरिधर म्हणाला. "तुला कसं माहीत?"

तिनं त्याचा हात उजेडाकडं वळवला. त्याचं मनगट सुजून आलं होतं. खाज नव्हे, दुसरंच काही त्याला सहन होईना.

"तारा, ही मैना न्हाई. आपली मैना मी मारली. तू टेंभुर्णीला गेल्ती तवा. कात टाकत होती, मी मेली समजलो. जिवंत पुरली गं मी तिला. पोरीचं तेवढंच राह्यल्तं."

तो हमसून रडू लागला. तारानं पट्टीचा नवा तुकडा दातानं तोडला, मनगटावर लावला आणि अंगठ्यानं हळू दाबत राहिली.

"रडू नका. तुम्ही पुरली ती मी आणलेली होती," ती म्हणाली. "तुम्ही तिच्यापायी दोन घास खात होते, म्हणून मागवली. गंधालीची तर दहाव्याच्या दिवशीच गेली. तुम्ही शहागडला गोदावरीवर गेल्ते. पोरीचा हात लागलेलं काहीतरी हातात घ्यावं वाटलं मला. घेतली. उभीच होते मी."